पऱ्हाटीतला फोटो

कारंज्याच्या एका कॉलेजात मी कॉम्प्युटर शिकवते. माझं माहेर केनवडचं, त्यामुळे वर्गातली पोरं माझ्याशी बिनधास्त वऱ्हाडीत बोलतात. वेबसाइट बनवण्याचा विषय माझ्याकडे आला त्या वर्षी मी एक ठरवून टाकलं. पुस्तकात असतात तशा खोट्या हॉटेलांच्या, खोट्या बुटांच्या दुकानांच्या साइट करायच्या नाहीत. ज्यानं त्यानं आपल्या गावाची नाहीतर आपल्या पिकाची साइट करायची, आणि ती खरोखर नेटवर चढवायची.

इंझोरीहून एसटीनं येणारी एक मुलगी होती वर्गात. अबोल, पण कीबोर्डवर हात भारी चालायचा. तिनं कापूस हा विषय घेतला. तिचं पान पडद्यावर उघडलं तेव्हा मागच्या बाकांवरची पोरंही माना उंचावून पाहायला लागली. सकाळच्या कोवळ्या उन्हात बाजार समितीच्या आवारात कापसाचे ढीग, मधून चालणारा एक म्हातारा, त्याची लांबच लांब सावली. मी विचारलं, फोटो कोणाचा?

"नेटवरचा हाये, मॅडम."

"नेटनं काढला का तो?"

पोरं हसली. तीही हसली. मग आम्ही सगळ्यांनी मिळून तो फोटो नेटवर शोधायला घातला. बघता बघता मूळ फोटो सापडला. त्यात खाली कोपऱ्यात एक नाव होतं; तिला मिळालेल्या फोटोतून मात्र ते कुणीतरी कापून टाकलं होतं. आणि ते नाव आमच्या कारंज्यातलंच. बसस्टँडजवळ ज्याच्या स्टुडिओत अर्ध्या वर्गानं अॅडमिशनसाठी पासपोर्ट फोटो काढले होते, त्याच फोटोग्राफरचं. वर्गात एकच कल्ला झाला. इतके दिवस कॉपीराइट म्हणजे परीक्षेपुरती दोन ओळींची टीप होती. आता तो माणूस चालत जाण्याइतक्या अंतरावर बसला होता.

ती मुलगी म्हणाली, मी जाऊन विचारतो. तासानंतर मीही तिच्याबरोबर गेले.

स्टुडिओत गर्दी नव्हती. तिनं मोबाइलवर आपलं पान दाखवलं, चूक सांगितली, आणि फोटो वापरू का म्हणून विचारलं. खाली तुमचं नाव मोठ्या अक्षरात टाकतो, असंही सांगितलं. फोटोग्राफरनं पान वरखाली करून नीट पाहिलं. मला वाटलं, हा माणूस खूश होणार आणि लगेच हो म्हणणार.

"पोरी, विचारलं हे चांगलं केलं," ते म्हणाले. "पन हा फोटो मी देत नाई. माह्या गावाचं पुस्तक करून राह्यलो मी. त्याच्यात पयल्या पानावर हाच हाये."

तिचा चेहरा उतरला. पण ती म्हणाली, "बरं काका, काढून टाकतो." आणि तिथेच, त्यांच्या काउंटरवर मोबाइल टेकवून, तिनं तो फोटो आपल्या साइटवरून काढला.

दुसऱ्या दिवशी वर्गात वादाला तोंड फुटलं. एक जण म्हणाला, शिकण्यासाठी वापरला तर काय बिघडते? मी सांगितलं, वर्गात शिकताना दाखवणं वेगळं आणि साऱ्या जगासाठी नेटवर टाकणं वेगळं. दुसरीनं विचारलं, मंग हरेक फोटोसाठी कोणाकोणाच्या दारी जायचं? हाच प्रश्न मला हवा होता. मी मुक्त परवान्यांचं सांगायला लागले. काही लोक आपला फोटो, लेख, गाणं आधीच मोकळं करून ठेवतात. अटी लिहून ठेवतात, म्हणजे प्रत्येकानं येऊन विचारायला नको. कोणी म्हणतं, माझं नाव द्या, मग काहीही करा. कोणी म्हणतं, नाव द्या, पण विकू नका. कोणी म्हणतं, यात बदल करून नवीन काही केलंत, तर तेही असंच मोकळं ठेवा.

त्या दिवशी तास संपला तरी कुणी उठेना. पोरं मोकळे फोटो शोधायला लागली. कापसाचे पुष्कळ सापडले. पण त्यात अवाढव्य यंत्रं होती, क्षितिजापर्यंत एकही माणूस नव्हता. ती मुलगी पडद्याकडे बघून म्हणाली, "हे आपल्या इकडचं नाई, मॅडम. आपल्या पऱ्हाटीत बाया असतात." जरा वेळानं तीच म्हणाली, "मीच काढतो."

वेचणीचे दिवस होते. रविवारी मी आणि वर्गातली चारदोन पोरं इंझोरीला तिच्या शेतात गेलो. तिची काकू पऱ्हाटीत, म्हणजे कपाशीच्या उभ्या पिकात होती. कमरेला फडक्याची ओटी बांधलेली, दोन्ही हात झपाझप चाललेले. मुलीनं मोबाइल वर केला आणि पुन्हा खाली घेतला. मग काकूजवळ जाऊन तिनं सांगितलं, की फोटो नेटवर जाणार, कोणीबी पाहीन, कोणीबी वापरीन, चालते का?

काकूनं विचारलं, "कायले वापरतीन लोक माहा फोटो?"

"कापूस कसा वेचतात ते दाखवाले."

काकूनं थोडा विचार केला. मग म्हणाली, थांब, पदर सारखा करू दे. पण फोटोसाठी म्हणून ती उभी राहिली नाही. ती पुन्हा वेचायला लागली आणि मुलगी तिच्या मागे मागे सरींतून फिरत राहिली. जो फोटो शेवटी निवडला, त्यात काकूच्या बोटांत अर्धा सुटलेला कापूस आहे आणि बोंडाची वाळलेली पाकळी मनगटाला टोचते आहे.

लॅबमध्ये येऊन तिनं तो मुक्त छायाचित्रांच्या एका संग्रहात टाकला. परवाना निवडताना सगळा वर्ग तिच्या खुर्चीमागे उभा. विकू देऊ नको, असं बरेच जण म्हणाले. ती म्हणाली, विकू द्या, पन नाव पायजे, आन जे बनवतीन ते मोकळंच ठेवा लागीन. सगळं पुन्हा एकदा वाचून तिनं बटन दाबलं. 

परीक्षा झाल्या, नवीन सत्र सुरू झालं. एके दुपारी मी दुसऱ्या वर्गावर शिकवत असताना ती दारात उभी राहिली. धावत आली होती, धड बोलता येत नव्हतं. नुसता मोबाइल पुढे केला. आपला फोटो नेटवर शोधायला घातल्यावर तिला तमिळ भाषेतला शाळेच्या मुलांसाठीचा एक धडा सापडला होता. शीर्षक इंग्रजीतही होतं म्हणून तेवढं कळलं, बाकी आम्हाला दोघींना त्यातलं अक्षर वाचता येत नव्हतं. पण मधोमध काकूचे हात होते आणि खाली इंग्रजीत त्या मुलीचं नाव, परवान्याचं नाव आणि 'इंझोरी'. मी तास तिथेच थांबवला आणि ते पान भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर लावलं. ज्या पोरांना या प्रकरणाची काहीच माहिती नव्हती, तीही टाळ्या वाजवायला लागली. मग तिनं स्वतः उभं राहून पहिल्यापासून सगळं सांगितलं, स्टुडिओत मिळालेल्या नकारासकट. अबोल म्हणून जिला ओळखत होते, ती थांबायचं नाव घेईना.

संध्याकाळी घरी तिनं काकूला दाखवलं. दुसऱ्या दिवशी तिनं मला सांगितलं, की काकूनं बराच वेळ फोटो पाहिला, खूश झाली, आणि मग विचारलं, "हे खाली नाव तुहं हाये. माहं कुठी हाये?"

"मॅडम, मी काय सांगू तिले?" मुलीनं विचारलं.

मी सांगितलं, फोटो काढणारीचा हक्क कायदा मानतो, फोटोतल्या माणसाचं नाव लिहायला तो सांगत नाही. पण लिहू नको असंही कुठे सांगत नाही. तिच्या डोळ्यांत लगेच चमक आली. त्या संग्रहात फोटोखालच्या ओळीत काकूचं नाव घालायचं तिनं ठरवलं, आणि तुम्हीही घालाल का म्हणून त्याच आठवड्यात तमिळ धडा करणाऱ्या शिक्षिकेला, धड्याच्या पानावरच्या पत्त्यावर, मी सुधारून दिलेल्या इंग्रजीत मेल पाठवला. उत्तर आलं, की आनंदानं बदलू, नाव नीट कसं लिहायचं तेवढं कळवा.

ते विचारायला आम्ही दोघी इंझोरीला गेलो. काकू अंगणात तुरी पाखडत होती. सासरचं नाव टाकू का माहेरचं, असं मुलीनं विचारलं. काकूनं सूप खाली ठेवलं.

"दोन्ही टाक," ती म्हणाली. "आन माह्यासमोर टाक."

मग ती मुलीच्या खांद्यावरून वाकून मोबाइलवर एकेक अक्षर उमटताना पाहत राहिली.