पाचोडचं शेणखत, गारखेड्याची बाग

टेम्पोत सगळ्यात शेवटी चढली ती शेणखताची पोती. कपाट, शेगडी, मुलांच्या सायकली, माझ्या लग्नातली पितळी घागर हे सगळं आधीच बसलं होतं. जागा उरली होती ती फक्त नव्या फ्रिजच्या दोन्ही बाजूंना.

"फ्रिजला शेण टेकवणार?" आमचे हे ओरडले.

"टेकू दे. फ्रिज काय गाभण गाय हाय का गाभडायला?" आत्याबाई म्हणाल्या. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, "तिथं माती बी इकत घ्यावी लागंल तुला. ने हे. पर खड्ड्यातलं खालचं घे म्हणावं त्याला, काळं. वरचं कच्चं अस्तंय."

पोती भरायचं काम ह्यांच्याकडं होतं. मी घरातली उरलीसुरली भांडी बांधत होते, त्यामुळं ते मी काही पाहिलं नाही.

परवा पाचोडहून जाऊबाईंनी फोनवर विचारलं, "खरं सांग, शहरात तुझं मन कवा रमलं?" उत्तर लांबलचक आहे. ते त्यांच्यासाठी आता लिहितेय, आणि आमच्या मागोमाग गाव सोडून आलेल्यांसाठीही.

ह्यांची बँकेतली बदली आणि मुलांची शाळा, म्हणून आम्ही गारखेड्यात आलो. तेव्हा शहराच्या पाट्यांवर औरंगाबाद होतं. भाड्याचं नाही, स्वतःचं रो-हाउस. पाचोडला आमच्या मोसंबीच्या बागेत हाक मारली तर दुसऱ्या टोकाला ऐकू जात नसे. इथं फाटक ते दार एवढ्यात एक बाज टाकली की अंगण संपलं. आणि माती म्हणजे नुसता मुरूम. गल्लीतल्या बहुतेक घरांनी त्यावर फरशी घालून गाड्या उभ्या केल्या होत्या.

"स्कूटरला तेवढीच जागा आहे," हे म्हणाले. "एक पावसाळा देतो तुझ्या बागेला. नाही जमली तर दिवाळीला पेव्हर ब्लॉक."

मी मुरूम उपसला, काळी माती विकत घेतली (आत्याबाईंचं खरं झालं), त्यात पाचोडचं खत मिसळलं. गावठी गुलाब, तेरडा, मिरच्या, एक वांगं असं सगळं लावलं. एक पोतं भिंतीपलीकडं नसीमभाभींना दिलं. अख्ख्या गल्लीत लॉन आणि गुलाब ठेवणारं तेवढंच एक घर होतं आणि माझ्याशी आपणहून बोलणारं माणूसही तेवढंच. भाभींनी मूठभर खत नाकाशी नेऊन पाहिलं. "खालिस माल है," म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी बदल्यात पुदिना आला, मुळांसकट.

जूनमध्ये पाऊस झाला आणि संध्याकाळी दिवे लागले की तपकिरी भुंगे ट्यूबलाइटवर आपटायला लागले. मला वाटलं, शहरात दिवे जास्त म्हणून भुंगे जास्त. सकाळी पाहावं तर गुलाबाची पानं कात्रीनं कातरल्यासारखी. ह्यांनी बाजारातून दिव्याचा सापळा आणला. वर दिवा, खाली पाण्याचं घमेलं. तो टांगला आमच्याच फाटकावर, गुलाबाच्या डोक्याशी. झालं! गल्लीतले होते नव्हते तेवढे भुंगे आमच्याकडं मुक्कामाला आले. निम्मे घमेल्यात पडले, उरलेले जेवायला गुलाबावर बसले.

श्रावणात तेरड्यानं मान टाकली, मग मिरच्यांनी. मी पाणी वाढवलं. एक मिरची जरा ओढून पाहिली तर ती अलगद हातात आली. तिला मूळच नव्हतं. खाली मातीत पांढरी, जाड, तपकिरी डोक्याची अळी वेटोळं करून पडली होती. हुमणी! त्या भुंग्यांचीच पिल्लावळ. पाचोडला नांगरामागं अशा ढिगानं पाहिल्या होत्या, पण माझ्या बाजेएवढ्या बागेत ही आली कुठून?

तेवढ्यात भिंतीपलीकडून हाक आली. भाभींनी लॉनचा कोपरा धरून उचलला होता आणि तो सतरंजीसारखा गुंडाळून वर आला होता.

"देखो भाभी, लॉन की चटई हो गई. और नीचे ये कौन लोगां सोरे?"

हे दारात उभे होते. "दिवाळी कशाला? दसऱ्यालाच बोलावतो पेव्हरवाल्याला."

मी सरळ पाचोडला फोन लावला आणि स्पीकर सुरू केला.

"हुमणी?" आत्याबाई म्हणाल्या. "खतातून आली आसंल. पोती कुणी भरली व्हती?"

"ह्यांनी."

"खालून का वरून?"

आता सगळे ह्यांच्याकडं बघायला लागले. भाभीसुद्धा, भिंतीवरून. ह्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "खाली वाकलो असतो तर पँट खराब झाली असती. नवी होती."

"मंग पँट वाचली की रं बाबा!" फोनमधून आवाज आला. "कच्च्या शेणात भुंगेरे दडून बसत्यात. पाऊस पडला की निगत्यात, मातीत अंडी घालत्यात. साहेब झाला तरी एवढं ठावं नाय व्हय?"

भाभींना हसू आवरेना. "मतलब ये पाचोड के मेहमान हैं! तुम लोगां शिफ्ट हुए तो गाँव के किडे बी शिफ्ट हो गए!"

मी दिलेल्या खतानं त्यांचं लॉन गेलं होतं आणि त्या हसत होत्या. मला फार हलकं वाटलं. पेव्हरवाल्याचं नाव त्या दिवसापुरतं तरी निघालं नाही.

पण हसून हुमणी मरत नाही. आम्ही दोघींनी दोन्ही बागा खुरप्यानं खणून काढल्या. सापडेल ती अळी साबणाच्या पाण्याच्या बादलीत. हातून निसटलेल्या अळ्या साळुंक्यांनी वेचल्या. वाचलेला गुलाब मी कुंडीत हलवला. दिवाळी आली तेव्हा अंगणात नुसती खणलेली माती होती, पण ह्यांनी फरशीचा विषय काढला नाही. मी काढला. म्हटलं, "अजून एक पावसाळा." हे म्हणाले, "बरं."

कारण काही अळ्या खोल राहणार आणि पुढच्या पावसाला भुंगे होऊन निघणार, हे आत्याबाईंनी बजावलं होतं. तेव्हा काय करायचं, ते मला ठाऊक होतं. पाऊस पडला की तिन्हीसांजेला भुंगे आधी कडुनिंबावर जमतात. पाचोडला त्या वेळी अख्खं गाव बाहेर पडतं. खाली चादर, वर आकडीच्या काठीनं फांदी हलवायची, पडतील ते भुंगे रॉकेलच्या पाण्यात. मात्र हे सगळ्यांनी मिळून करायचं. एकट्यानं केलं तर शेजाऱ्याचे भुंगे उद्या आपल्याकडं.

गल्लीच्या कोपऱ्यावर कडुनिंब होता. माणसं गोळा करायची होती. गावात एक हाक पुरते. इथं मी दारोदार बेल वाजवत फिरले. एका बाईंनी जाळीच्या दारातूनच विचारलं, "कोणत्या कंपनीचं आहे?" मी म्हटलं, "पाचोडचं." दुसऱ्या म्हणाल्या, "आमच्याकडं तर फरशी आहे." मी म्हटलं, "पण ट्यूबलाइट आहे ना? रोज संध्याकाळी भाजीत भुंगा पडतो ना?" त्या चादर शोधायला आत गेल्या.

पुढच्या जूनमध्ये पाऊस झाला आणि सगळे आले. बघायला आलेलेही चादरीचा कोपरा धरून उभे राहिले. हे आकडी घेऊन झाडाखाली, आणि अंगात जुनी, मळखाऊ पँट. सापळाही ह्यांनी आपणहून फाटकावरून काढून तिथं टांगला, गुलाबांपासून लांब. फांदी हलली आणि भुंग्यांचा सडा पडला. "या अल्ला, मेरे गले में गया!" भाभी ओरडल्या, आणि जाळीच्या दारामागच्या त्या बाईंनी पदरानं त्यांची मान झाडली. पुढं आठवडाभर रोज संध्याकाळी आम्ही तेच केलं. गल्लीतल्या बायकांची नावं मला त्या आठवड्यात कळली.

त्या वर्षी तेरडा गौरींपर्यंत फुलला. भाभींचं लॉन पुन्हा धरलं. स्कूटर अजून फाटकाबाहेर उभी असते.

तर जाऊबाई, मन तेव्हा रमलं, भुंगे झाडताना. गाव सोडलं असं मी उगाच म्हणत होते. ते कच्च्या शेणात बसून माझ्या आधी अंगणात उतरलं होतं. त्याला आवरायची रीतही त्याच गावची. घर म्हणजे काय, ह्यावर मला फार बोलता येत नाही. जिथल्या मातीत हात घालताना आत काय निघेल ह्याचा अंदाज असतो ते घर, एवढं मला पुरतं. आता तो अंदाज मला दोन्हीकडं येतो.

पाचोडला मात्र आता आमच्या दारात बैल नाहीत, ट्रॅक्टर आहे. शेणाचा खड्डा बुजवून त्यावर शेड उभी राहिली. गेल्या महिन्यात आत्याबाईंचा फोन आला. त्यांच्या दारातल्या गुलाबाला खत नाही. मी स्वयंपाकघरातल्या कचऱ्याचं खत करते, हे त्यांना कुणीतरी सांगितलं होतं.

"येक पोतं धाड," म्हणाल्या. "खालचं, काळं."

"धाडते, आत्याबाई."

अंगणात हे चाळणी घेऊन आधीच बसले होते. फोनमधून पुन्हा आवाज आला, त्यांना ऐकू जाईल एवढा मोठा:

"अन् चाळून दे म्हणावं त्याला. तुमच्या शहरातले किडे नकोत आमच्या गावात."