दुसऱ्या वर्षाची फी

राऊमधल्या एका प्रशिक्षण संस्थेत मी इलेक्ट्रिशियनचा ट्रेड शिकवते. कोर्स दोन वर्षांचा. तो पूर्ण केला की पॉलिटेक्निकला थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळतो. गरिबाघरच्या पोरांना डिप्लोमापर्यंत जायला तेवढा एकच रस्ता.

माझ्या वर्गात एक मुलगी होती. वडील नव्हते, आई सुदामा नगरात घरोघरी पोळ्या करायची. जळकी मोटार समोर ठेवली की पोरगी आधी हुंगायची, मग सांगायची, "मॅडम, बेअरिंग बघा." बेअरिंगच जाम निघायचं.

पहिल्या वर्षी ती वर्गात पहिली आली आणि त्याच उन्हाळ्यात नवी योजना आली. सरकार भरायचं ती दुसऱ्या वर्षाची फी आणि महिन्याचा भत्ता बंद. सरकारी मदत आता फक्त तीन महिन्यांच्या कोर्सेसना.

योजना समजवायला भोपाळच्या ऑफिसातून एक साहेब आले, आम्हाला मीटिंगला बोलावलं. मी उठून साहेबांना विचारलं, "जी मुलं अर्ध्यावर आहेत त्यांचं काय?"

ते हसले. "मैडमजी, इन बच्चों को डिप्लोमा नहीं, नौकरी चाहिए।"

चहाच्या वेळी हेच साहेब शेजारच्याला सांगत होते, मुलाला इंजिनियरिंगला टाकलंय, चारची सहा वर्षं लागली तरी चालतील. आणि मी काय केलं? सगळ्यांबरोबर नव्या योजनेला संमतीच्या कागदावर सही केली! साहेबांचा राग येतो, पण त्या सहीसाठी स्वतःचा जास्त येतो.

मुलीला मीच सांगितलं.

"तीन महिन्यांच्या सर्टिफिकेटवर पॉलिटेक्निकवाले घेतात का?" तिनं विचारलं.

"नाही."

"मग पहिलं वर्ष बेकार गेलं समझो."

मी तिच्या घरी जाऊन आईला म्हटलं, फी मी भरते. आई म्हणाली, "फी भराल हो ताई. पण त्या भत्त्यावर हिचा बसचा पास निघायचा, घरात किराणा यायचा. ते कोण बघेल?"

पोरीनं तो तीन महिन्यांचा कोर्स केला. पहिल्या वर्षी पंधरा दिवसांत जे शिकली होती, तेच परत शिकली. आता महू रोडवरच्या एका कारखान्यात हेल्पर आहे.

मागच्या आठवड्यात तिचा फोन आला. "मॅडम, पॅनेलमध्ये फेज उलटी जोडली होती. मी पकडली. मग डिप्लोमावाल्या सुपरवायझर भियानं ठीक केली आणि रजिस्टरमध्ये स्वतःचं नाव टाकून दिलं." ती हसत सांगत होती. माझं डोकं सणकलं.

फोन ठेवून मी भोपाळच्या ऑफिसला पुन्हा अर्ज लिहायला बसले, दुसऱ्या वर्षाची मदत परत सुरू करा म्हणून. हा चौथा. आधीच्या तिन्हींना एकच उत्तर आलंय: योजना सफल आहे, आपल्या संस्थेतल्या सगळ्या मुलामुलींना रोजगार मिळाला. सोबत यादी जोडलेली असते. तिचं नाव त्यात सर्वात वर आहे.