दारातून केलेला पंचनामा

ती घटना मनात आली की आजही मीटर रूमच्या दाराशी माझे पाय थांबतात. नोकरीत चाकू, तलवारी, एकदा तर पिस्तूलही समोर आले, पण एवढा मी कधी घाबरलो नव्हतो.

मुलुंडला एका गाळ्यांच्या इमारतीच्या मीटर रूममध्ये विजेचे मुख्य पॅनेल उघडताना भडका उडाला आणि वायरमन भाजला. मी तिथल्या ठाण्यात निरीक्षक होतो. हवालदार आणि दोन पंच घेऊन पोहोचलो. वितळलेले तांबे समोरच्या भिंतीवर उडाले होते, हातमोजा फरशीला चिकटला होता. लाइन बंद केली आहे असे सगळे सांगत होते, पण ती कोणी बंद केली हे कोणालाच सांगता येईना. आत जायची माझी छाती झाली नाही. पॅनेलच्या झाकणावरचा पिवळा फलक दारातूनच दिसत होता. शॉर्ट झाले तर किती करंट उसळेल, भडका किती लांब येईल, अंगावर काय घालायचे, हे त्यावर असते. अक्षरे काही मला वाचता आली नाहीत. तरी पंचनाम्यात लिहून टाकले, ‘आत जाऊन पाहणी केली असता योग्य सूचनाफलक आढळला.’ पंचांनीही मुकाट्याने सह्या केल्या. आत जायची हौस त्यांनाही नव्हती.

त्या एका ओळीने दोष वायरमनवर गेला. फलक योग्य, म्हणजे चूक त्याची.

दुसऱ्या दिवशी त्याची बायको ठाण्यात आली. “वाचल्याशिवाय ते हात लावत नाहीत. साधे हातमोजे चालतील असंच तिथे लिहिलं असणार. साहेब, तुम्ही आत जाऊन वाचलंत ना?”

“हो,” मी म्हणालो.

दुपारी ठाण्यात एक फोन आला. बाईचा दबका आवाज. “नाव विचारू नका. मी स्टिकर छापते. तो माणूस भाजला ना, तिथल्या पॅनेलवरचा पिवळा स्टिकर मीच छापलाय. ठेकेदाराचा सुपरवायझर बोलला, फक्त बिल्डिंगचं नाव बदल, आकडे तेच ठेव. वीसेक बिल्डिंगा आहेत, साहेब. मला भीती वाटते.”

मी विद्युत निरीक्षकांना फोन लावला. ते म्हणाले, “प्रत्येक इमारतीचा हिशोब वेगळा असतो. ट्रान्सफॉर्मर जवळ असला तर करंट कितीतरी जास्त उसळतो. सगळीकडे एकच आकडा लावला असेल, तर अजून माणसं जळतील.”

इमारतीतून ठेकेदाराचे नाव काढले आणि त्याच्या सुपरवायझरला उचलून आणले. पन्नाशीचा कोकणी माणूस, भांग नीट पाडलेला. “मोजमाप मीच केलं साहेब, प्रत्येक ठिकाणी,” एवढेच तो घोकत होता. खोटे बोलणारा सहसा दाराकडे बघतो, नाहीतर आमच्या हातांकडे. हा भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होता.

“कोणाची वेळ भरत आलीय रे?” मी विचारले.

घाबरून तो मालवणीवर आला. “माका भीती वाटता, साहेब.” मग भडाभडा बोलला. “चार वाजता घाटकोपरला सोसायटीचं पॅनेल उघडणार आहेत. चालू लाइनवर. लाइट घालवली की लोक बोंबलतात ना. ट्रान्सफॉर्मर भिंतीपलीकडेच आहे. आणि तिथेही तोच स्टिकर मी लावून घेतलाय.”

चारला दहा मिनिटे होती. सोसायटीचा फोन कोणी उचलेना, तळघरातल्या वायरमनचा मोबाइल लागेना. मी घाटकोपरच्या ठाण्याला कळवले, तिथून बीटवरचा शिपाई मोटरसायकलवर निघाला. सुपरवायझर आणि मी टेबलावरच्या फोनकडे बघत बसलो.

“गेल्या साली माझ्यासमोर एक माणूस पेटला,” तो हळूच म्हणाला. “तेव्हापासून मीटर रूममध्ये पाऊल टाकवत नाही. दारातूनच परत फिरायचो, जुनेच आकडे द्यायचो आणि आत जाऊन मोजलं असं लिहायचो.”

माझा पंचनामा त्याच टेबलाच्या खणात होता.

चारला दोन मिनिटे असताना फोन वाजला. “थांबवलं साहेब,” शिपाई धापा टाकत म्हणाला. “झाकणाचे दोनच स्क्रू राहिले होते.”

सगळीकडचे फलक उतरवले. सुपरवायझर आणि ठेकेदार दोघांवर गुन्हा दाखल झाला. विद्युत निरीक्षकांनी लाइन बंद असल्याची खात्री करून दिली आणि मी मुलुंडच्या त्या खोलीत शिरलो. फलकावर लिहिले होते, ‘साधे रबरी हातमोजे पुरेसे.’ नवा पंचनामा केला, पहिला खोटा होता हे वरिष्ठांना लेखी कळवले. त्यांनी मला उभे आडवे झापले, ते योग्यच होते.

भीती सगळ्यांनाच वाटते, पोलिसालाही. त्या दिवशी मी दारात थांबलो हे चुकले नव्हते. आत गेलो असे लिहिले, तिथे माझ्यात आणि त्या सुपरवायझरमध्ये काही फरक उरला नाही.

त्या खोलीत शिरलो त्याच संध्याकाळी इस्पितळात गेलो. वायरमनची बायको वॉर्डाबाहेर बसली होती. “बाई, मी तुमच्याशी खोटं बोललो. तेव्हा आत गेलो नव्हतो. आज गेलो. फलकावर तुम्ही म्हणालात तसंच लिहिलंय.”

ती उठली आणि तिने वॉर्डाचे दार उघडले.

“मला काय सांगता? आत या. त्यांना सांगा.”

दारात माझे पाय थांबले. मग मी आत गेलो.