विहीर कोणत्या बाजूला

आजी वकिली कुठे शिकली, असं तुम्ही दोघांनी विचारलंत. कॉलेजात नाही, हे आधी लिहून टाकते.

सत्तरच्या दशकात सोलापूरला माझं कायद्याचं शेवटचं वर्ष चालू होतं. अनुभवासाठी आम्हाला एकेका वकिलांच्या हाताखाली पाठवत. माझे सर जमिनीचे, वाटेचे, घरांचे दावे चालवत. महिनाभर त्यांनी माझ्याकडून फक्त तारखा लिहून घेतल्या. मग एका सकाळी म्हणाले, "हा दावा तू लिही." त्या दिवशी मला जेवण सुचलं नाही.

पक्षकार होती वळसंगकडची एक विधवा, मेंढरं पाळणारी. शेजाऱ्यानं तिच्या विहिरीच्या वाटेवर भिंतीसाठी पाया खणला होता आणि दुसऱ्या दिवशी गवंडी येणार होते. भिंत उठली की तिच्या मेंढरांचं पाणी तुटणार. कोर्टाची मनाई त्याच दिवशी मिळायला हवी होती.

जागेच्या चारही बाजूंना काय आहे, ते दाव्यात लिहावंच लागतं. मी विचारत गेले, ती हात करून सांगत गेली. विहीर उजव्या हाताला, म्हणाली. मी लिहिलं, पूर्वेस विहीर. टाइप होऊन आलेला तो मसुदा मला इतका देखणा वाटला की मी तो तीनदा वाचला.

सरांचा एक नियम होता. अंगठा घेण्याआधी दावा पक्षकाराला त्याच्या बोलीत वाचून दाखवायचा. 'वाचून दाखवला' असं शेवटी सगळेच लिहीत. वाचत मात्र थोडेच. न्यायाधीश तातडीचे अर्ज तीनला घेणार होते आणि दोन वाजून गेले होते. मी भराभर वाचू लागले.

तिनं मला मध्येच थांबवलं. "उगवतीला हिर? उगवतीला माजं दार हाय की. तसं असतं तर रोज सकाळी दार उगडून मी हिरीतच पडले असते."

टायपिस्ट खो खो हसला. मी शाळेतल्या नकाशाप्रमाणे उजवीकडे पूर्व धरली होती. ती मात्र मनानं आपल्या दारात, उगवतीकडे तोंड करून उभी होती. विहीर दक्षिणेला होती! जिथे कोणी वीटही ठेवत नव्हतं, तिथली मनाई मी मागितली होती.

सर रागावले नाहीत. "खोडाखोड नको, पान नवं कर," म्हणाले, "आणि पुन्हा वाचून दाखव."

टायपिस्टनं बोटं पळवली. मी पुन्हा वाचलं, तिनं मान हलवली, अंगठा उठवला. मग निऱ्या हातात धरून मी सरांच्या मागे धावले. कोर्टात न्यायाधीशांनी विचारलं, अडवलेली वाट नेमकी कोणत्या बाजूला? सरांनी मागे वळून माझ्याकडे पाहिलं. मी पुटपुटले, "दक्षिणेला." न्यायाधीशांनी सही केली.

मला वाटलं, आता ती दोन घटका बसेल, चहा घेईल. तिनं एवढंच विचारलं, एस्टी किती वाजता. "मेंढरं तानेली हायत," म्हणाली, आणि फाटकाकडे चालू लागली. हुकूम घेऊन निघालेल्या बेलीफाला तिला गाठायला पळावं लागलं.