उशी उलटणारी आत्या

आमच्या आत्या कुणाच्याही घरी गेल्या की आधी पाणी घेत नसत, उशी घेत. घरची बाई तांब्या आणि गुळाचा खडा घेऊन बाहेर येईपर्यंत ह्यांनी खाटेवरची उशी उचललेली, शिवण डोळ्यांजवळ धरलेली आणि कोपरे बोटांनी उकलून बघितलेले असायचे. मग उशी जागेवर ठेवून गोड हसून म्हणायच्या, "हां, आता दी पाणी." कधी मात्र काहीच बोलायच्या नाहीत, नुसत्या उठून बाहेर सोप्यावर जाऊन बसायच्या. त्या बाहेर बसल्या की त्या घरच्या बाईनं काय ते समजायचं! साऱ्या डिचोलीत त्यांना उशीआत्या म्हणत, आणि त्यांनाही ते ठाऊक होतं.

त्या माझ्या यजमानांच्या आत्या, म्हणजे माझ्या मामंजींची थोरली बहीण. लहान वयात नवरा गेला, मूलबाळ नाही. मयेला तळ्याच्या बाजूला एकटीचं घर. कमरेनं वाकलेल्या, पण नजर घारीची! खांद्याला कापडी पिशवी आणि तिच्यात एक पांढरा पंचा, एक दाभण आणि पत्र्याच्या डबीत ओल्या साबणाची वडी. ढेकूण दिसला की साबण त्याच्यावर टेकवायचा, तो चिकटलाच म्हणून समजा. चिरडायचा नाही, वास सुटतो आणि डाग पडतो. "ढेकूण गरीब-श्रीमंत बघणा नाय, शिवण बघता," असं त्या म्हणायच्या, आणि हे वाक्य त्यांनी खाणमालकाच्या बायकोलाही तिच्याच दिवाणखान्यात ऐकवलं होतं.

प्रवासात तर त्यांची मजाच. डिचोलीहून पणजीला बसनं जाताना जागा रिकामी असली तरी आधी गादीची फाटकी कड वाकून बघणार. मागे माणसं ओरडतायत, कंडक्टर घंटी मारतोय, ह्यांचं आपलं चाललंय! पसंत नाही पडली तर पणजीपर्यंत दांडा धरून उभ्या. एकदा कोल्हापूरला देवीला गेलो, लॉजवर खोली घेतली. आम्ही दमून पिशव्या पलंगावर टाकल्या मात्र, ह्या किंचाळल्या, "उचला! उचला आदी!" पिशव्या सगळ्या न्हाणीघरात, फरशीवर. मग चादर ओढली, गादीचा कोपरा उचलला. मॅनेजर धावत आला. म्हणाला, "आजी, आमच्याकडं ढेकूण नाहीत." आत्या म्हणाल्या, "नाय तर मग तू धर ही बाजू, मी ती धरतंय. दोगांय मिळान बघूया." तो बिचारा गादी धरून उभा राहिला आणि त्याच्याच डोळ्यांदेखत दोन निघाले. आम्हाला दुसरी खोली मिळाली, वर चहा फुकट! परत आल्यावरही कपडे अंगणातच उतरवायचे, उकळत्या पाण्यात टाकायचे, मगच उंबरठा ओलांडायचा. घराला कंटाळून माणूस परगावी जातो, पण तिथलं काय घेऊन येतो ते बघायला नको का, हा त्यांचा सवाल.

आता माझी गोष्ट सांगते. गोवा राज्य झालं त्याच महिन्यात माझं लग्न झालं. मी पेडण्याची, सासर डिचोलीत. घरात जेवताना मामंजी मराठीच्या बाजूचे, आमचे हे कोंकणीच्या बाजूचे, दोघे हात वाळेपर्यंत वाद घालायचे. मी नवी सून, मला दोन्ही भाषांत वाढायचंच होतं. आत्या लग्नाला आल्या होत्या आणि पाचपरतवणापर्यंत राहणार होत्या. आमच्याकडे पाचव्या दिवशी नवरानवरी मुलीच्या माहेरी जाऊन परत येतात, तेच ते.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या हातावर गांधी. आमच्या ह्यांच्या मानेवर गांधी. आणि मी केस विंचरायला बसले तर पदरावरून एक ढेकूण चालला होता, अगदी आरामात! नेमकं सासूबाईंनी बघितलं. त्यांचं तोंड उतरलं. "आमच्या घरात असलां कधी नव्हतां," एवढंच म्हणाल्या आणि माझी पत्र्याची पेटी गड्याकडून सोप्यावर काढून ठेवली. संध्याकाळी मला म्हणाल्या, "पाचपरतवणाक जाताना पेटी घेवन जा. थंयच ठेव. आणि कित्याक तां तुझ्या आवशीक सांग."

आईच्या हातची लुगडी, बाबांनी घेतलेली घागर, सगळं परत न्यायचं, आणि वर कशासाठी तेही आईला सांगायचं! शिवाय माझ्या धाकट्या बहिणीसाठी ह्याच वाड्यावरचं स्थळ चाललं होतं. ही बातमी दोन घरं पुढे गेली असती तर ते स्थळ संपलंच होतं.

सकाळ होताच आत्यांनी मला विहिरीवर गाठलं. "खरां सांग गो बाय, तुझ्या माहेराक ढेकूण आसत?"

खोटं बोलायचं मनात होतं, पण त्या नजरेपुढे जमलं नाही. मी म्हटलं, "गेल्या वर्षी होते. आईनं खाटा उन्हात घातल्या, मग दिसले नाहीत."

"बरां केलंस सांगितलंस. लाजेन ढेकूण वाढता गो, रगतान न्हय."

मग भर दुपारी अंगणात पंचा अंथरून त्यांनी माझी पेटी उघडली. एकेक लुगडं झटकलं, घडीघडी उलटली. शेवटी बिजागरीत दाभण घातलं. त्यांनी साबण टेकवला, एकदा, दोनदा, तीनदा. माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "तीन." मी रडायलाच लागले. तर म्हणतात कशा, "रडतंस कित्याक? तीन म्हणजे पावणे. ह्या घरात आसत ते पावणे न्हयत." कारण त्यांनी मामंजींची पाठ बघितली होती! शिगम्यापासून घरातल्या सगळ्यांना पित्त उठत होतं, आणि सगळे सोलं, म्हणजे आमसुलं, कोळून अंगाला लावत होते. मामंजी तर रोज दुपारी सोलांचं सरबत घेऊन आरामखुर्चीत बसायचे, पित्त शमायला.

ती खुर्ची म्हणजे मामंजींचा जीव. पणजीला एका मोठ्या घरातलं सामान विकायला निघालं होतं, तिथून लग्नासाठी म्हणून आणलेली. लांब हातांची, वेतानं विणलेली. आत्या तिच्यापुढे जाऊन उभ्या राहिल्या.

"ऊठ रे."

"कित्याक, अक्का?"

"कदेल बघूचां आसा."

"गो, ही बड्या घराण्यातली खुर्ची. हिच्यात न्यायाधीश बसायचे!"

"न्यायाधीश गेले रे, पक्षकार ऱ्हवले आसतले."

"मी उठणार नाही," मामंजी म्हणाले आणि पेपर तोंडापुढे धरला.

"मग बस. बसलेलोच बरो. ढेकणांक जेवूक मिळतला."

आत्यांनी पांढरा पंचा खुर्चीखाली पसरला, स्वयंपाकघरातला बत्ता आणला आणि खुर्चीच्या पायावर हाणला. एक. दोन. तिसऱ्याला पंच्यावर नाचणी सांडल्यासारखे ढेकूण पडले! मामंजी असे उडाले की सरबत पेपरावर, पेपर जमिनीवर आणि चष्मा कुठल्या कुठे. आमचे हे हसायला लागले, बापाच्या एका नजरेनं गप्प झाले. आत्यांनी खुर्ची उलटी केली. वेत ओवलेल्या भोकांत दाभण घातलं आणि आतून काळी घाण, पांढरी अंडी, पोकळ सालं असं काय काय ओढून काढलं.

"वयनी, हंय ये. ही बघ कात. ढेकूण वाढताना कात टाकता. एवढी कात दोन दिसांत पडणा नाय. शिगम्याक कदेल इला, तेव्हापासून ह्यो संसार चललो हा. तुमचां पित्त तां ह्यांच!"

सासूबाईंनी वाकून पंच्यावरची कात बघितली. मग हळूच विचारलं, "आणि हिची पेटी?"

मी आत्यांकडे बघितलं.

"पेटी मी बघलंय. दोरो न् दोरो बघलंय," आत्या म्हणाल्या. "आता तिच्यात काय एक नाय."

ह्यातला एक शब्द खोटा नव्हता!

आणि मग जे सुरू झालं, काय सांगू! गावात राज्य झाल्याचे फटाके वाजत होते आणि आमच्या अंगणात खाटा मोडत होत्या. तांब्याच्या भाणात पाणी खळखळत होतं. एकजण सांध्यांत उकळतं पाणी ओततोय, एकजण कोंबडीच्या पिसानं भेगांतून घासलेट फिरवतोय, गाद्या तापल्या चिऱ्यांवर, भिंतीवरच्या तसबिरीसुद्धा खाली. मामंजी स्वतः खुर्चीवर किटलीनं पाणी ओतत होते, चवताळलेले! शेजारी कुंपणाशी जमले. सासूबाई मला म्हणाल्या, "दार लाव गो, लोक बघतत." पण आत्या अंगणाच्या मधोमध जाऊन हात कमरेवर ठेवून ओरडल्या, "आमच्याकडे ढेकूण जाले! जेंच्याकडे आसत तेंनी आजच खाटी भायर काढा, नायतर ह्येच फाल्यां तुमच्याकडे येतले!"

मग समोरची वयनी मुकाट्यानं आत गेली आणि तिची खाट बाहेर आली. मग दुसरी. मग पलीकडच्या मास्तरांची, हो, मास्तरांचीही! ऊन उतरेपर्यंत अख्ख्या वाड्याच्या खाटा अंगणात होत्या आणि आमच्या भाणातलं पाणी पाच घरांना पुरत होतं. हसायला कुणी उरलंच नव्हतं. त्या गडबडीत सासूबाई सोप्यावर गेल्या, माझी पेटी कमरेवर घेतली आणि आत नेऊन कपाटाशेजारी ठेवली.

पाचपरतवणाला मी रिकाम्या हातांनी गेले, ताठ मानेनं. निघताना आत्यांनी साबणाची वडी माझ्या हातात कोंबली. "आवशीक दी. म्हण, खाटीचे सांदे बघ. भांडूक न्हय, बघूक." दहा दिवसांनी राहिलेली अंडी फुटतात म्हणून त्यांनी घरात सगळा सोहळा पुन्हा करायला लावला, तेव्हा तर सासूबाईंनीच भाण चढवलं. माझी बहीण पुढच्याच वर्षी त्याच वाड्यावर नांदायला आली.

शेवटची काही वर्षं आत्या आमच्याकडेच होत्या. गुडघे गेले, डोळे गेले, तरी शिवण बोटांनी वाचायच्या. आलेल्या पाहुण्याच्या पिशवीवर हात फिरवल्याशिवाय चहा नाही. एका सकाळी मी उठवायला गेले तर त्या गेलेल्या होत्या, झोपेत, उशी नीट डोक्याखाली.

बारावं झालं. भावकीतली म्हातारी माणसं सोप्यावर बसून म्हणाली, "गादी वेशीभायर टाकूक होयी. मेल्या माणसाची गादी घरात ठेवणत नाय." रीत होती, चूक त्यांची नव्हती. कुणीतरी गड्याला हाकही मारली. सासूबाई गादीपाशी उभ्या होत्या. इतक्या वर्षांत त्यांनी मला कधी असं विचारलं नव्हतं. त्या सगळ्यांसमोर माझ्याकडे वळल्या. "तू सांग गो. काय करूया?"

मी म्हटलं, "उन्हात घालूया," आणि गादीची एक बाजू धरली.

गडी येईपर्यंत दुसऱ्या बाजूनं गादी सासूबाईंनीच उचलली होती.