हरभऱ्यातली नाव

बैलगाडीवरून नाव उतरवली आणि समोर पाहिलं, तर तलावात हरभरा उभा होता.

साठ सालानंतरची गोष्ट. मी मत्स्य खात्यात इन्स्पेक्टर होतो. आर्णी-दिग्रस भागातला हा तलाव म्हणजे उथळ परात. पाऊस चांगला झाला तर भरायचा, नाहीतर दिवाळीतच आटायचा. आटला की तांड्यावरची माणसं ओल्या गाळात हरभरा पेरायची. याला गाळपेर म्हणतात. आमच्या खात्याचंही बी असतं, पण ते माशांचं. नखाएवढी पिल्लं पाण्यात सोडायची, त्याला म्हणायचं मत्स्यबीज. श्रावणात आमच्या साहेबांनी इथे हारतुऱ्यांसकट ते सोडलं होतं.

पुढे तलाव आटला, हे साहेबांना कळलंच नाही. त्यांनी फोनवर तलाठ्याला विचारलं, "बी कसं आहे?"

तलाठी म्हणाला, "एक नंबर, साहेब! घाटे भरून राह्यले."

घाटे म्हणजे हरभऱ्याच्या शेंगा. साहेब शहरातले. घाटे ही माशाची इकडची जात असावी असं समजून त्यांनी मला नाव आणि जाळं घेऊन यायला फर्मावलं.

साहेब जीपमधून उतरले ते पँट गुडघ्यापर्यंत दुमडूनच. हरभरा पाहिला आणि लालबुंद झाले. "सरकारी तलावात पीक? आजच्या आज उपटा!"

पीक सोनीबाईचं होतं. नवरा वारलेला, घरात म्हातारी सासू आणि लेकरं. ती कमरेवर हात ठेवून आडवी आली. "काहून उपटू? लेकरं वर्षभर काय खातीन?"

"बाई, हा तलाव आहे!"

"मंग पाणी दाखवा."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. बाईसाठी माझा जीव तुटत होता, आणि साहेबांचा राग माझ्या बदलीवर निघेल अशी धास्तीही होती. मी हळूच म्हणालो, "सर, पीक उपटायचं तर तलाव कोरडा आहे असं लिहावं लागेल."

"मग लिहा!"

"कोरडा लिहिला की आपले मासे मेले, सर. तुम्ही सोडलेले."

साहेबांनी विचारलं, "आणि भरलेला लिहिला तर?"

"तर हरभरा पाण्याखाली. पाण्याखालचा हरभरा उपटणार कसा?"

साहेब विचार करायला नावेत जाऊन बसले. सोनीबाईने तोवर काटक्या पेटवून ओल्या घाट्यांचा हुळा भाजला, ओंजळभर साहेबांपुढे धरला. हरभरा खाऊन हात काळे झाल्यावर साहेबांनी निकाल दिला.

"तलाव भरलेला आहे. नाव इथेच राहू द्या. भरलेल्या तलावात नाव नको?"

सोनीबाईचा हरभरा वाचला. काढणी होईपर्यंत ती त्याच नावेत बसून पाखरं हाकायची. पुढच्या पावसाळ्यात तलाव तुडुंब भरला आणि नाव आपोआप तरंगली. सरकारी सामान गरज पडायच्या आधी जागेवर हजर, असं माझ्या सगळ्या नोकरीत तेवढं एकदाच घडलं.