गाडीकडे लक्ष ठेवा

पडदेवाल्या काकूंना राग यायला कारण लागत नाही, असं गल्लीत म्हणायचे. साफ खोटं. कारण लागायचं, फक्त ते लोकांना दिसायच्या आधी काकूंना दिसायचं. घराच्या पुढच्या खोलीत मशीन टाकून त्या पडदे शिवायच्या. गिऱ्हाईक खिडकीचं माप उभ्याचं आडवं घेऊन येणार, पडदा वीतभर आखूड होणार आणि वर काकूंनाच विचारणार, असं कसं झालं हो? अशा वेळी काकू तोंडात धरलेल्या टाचण्या एकेक काढून डबीत ठेवायच्या आणि मग बोलायच्या. टाचण्या डबीत जायला लागल्या की शहाणं गिऱ्हाईक पडदा उचलून वाटेला लागायचं.

काका याच्या अगदी उलट. सहलीच्या बसवर ड्रायव्हर होते. तीस वर्षं लोकांना डोंगर, किल्ले, तळी, समुद्र दाखवून आणले आणि एवढ्या काळात कुणाला वेडावाकडा शब्द बोलले नाहीत. आता ड्रायव्हरचा संसार कसा असतो ते सांगायला हवं. जगाला सुट्टी लागली की यांना काम, आणि जग कामाला लागलं की हे घरी झोपून. त्यामुळे काकूंना सहल कधी घडलीच नाही. लग्नानंतर दोघं मिळून कुठे गेले असतील तर दवाखान्यात आणि नातेवाइकांच्या लग्नात, तेही जेवून लगेच परत.

पण काका परत यायचे ते रिकाम्या हातानं नाही. हातपाय धुऊन मशीनशेजारी स्टुलावर बसायचे आणि सगळं सांगायचे. सगळ्यात जास्त सांगायचे ते धबधब्याचं. पाणी तीन टप्प्यांत पडतं, खाली डोह बाटलीच्या काचेसारखा हिरवा, कठड्याशी उभं राहिलं की चष्म्यावर तुषार येतात आणि दुपारी ऊन तिरपं झालं की इंद्रधनुष्य दिसतं. काकू मशीन थांबवून ऐकायच्या. मग तेच गिऱ्हाइकांना ऐकवायच्या. डॉक्टरीणबाई एकदा तिथं जाऊन आल्याचं कौतुक सांगायला लागल्या, तर काकूंनी विचारलं, इंद्रधनुष्य दिसलं का? नाही दिसलं म्हणाल्या. मग काय पाहिलंत, म्हणाल्या काकू, आणि दोरा ओवायला लागल्या.

गेल्या वर्षी काका निवृत्त झाले. आणि यंदा काकूंच्या माहेरच्या मंडळींनी ठरवलं की सगळ्या भावंडांनी एकत्र यायचं, मोठी गाडी करायची आणि दोन दिवस धबधब्याला जायचं. किती वर्षांत सगळे एका जागी भेटले नव्हते. काकू हरखून गेल्या. पडद्यांची कामं पुढे ढकलली, चपला नव्या आणल्या. तेवढ्यात मोठ्या भावाचा, दादाचा, फोन आला. बँकेतून मोठ्या पदावरून निवृत्त झालेला माणूस, आयुष्यभर लोकांना बसा-उठा सांगायची सवय. तो म्हणाला, गाडी ठरली, ड्रायव्हर काही ठरवला नाही, परका माणूस कशाला, भाऊजी आहेतच की घरचे.

तळपायाची आग मस्तकात गेली काकूंच्या. टाचण्या तोंडातच होत्या, त्या काढायचंही भान राहिलं नाही, थुंकल्याच. त्यांनी दादाला विचारलं की तू निवृत्त झालास तेव्हा तुला कुणी घरच्या हिशेबाला बसवलं का? मोठ्या वहिनींना सहलीत स्वयंपाकाला लावणार आहेस का? मग माझ्याच नवऱ्यानं काय घोडं मारलंय? दादा म्हणाला, अगं, त्यांना आवडतं म्हणून म्हटलं. हे आणखी वर. दुसऱ्याला काय आवडतं हे परस्पर ठरवणाऱ्या माणसाइतका चिडवणारा माणूस जगात नसेल. आणि काका? काका शेजारी बसून खुणेनं सांगत होते, जाऊ दे, मी चालवतो, त्यात काय. काकूंनी त्यांच्याकडे असं पाहिलं की ते उठून पाणी प्यायला गेले.

शेवटी ड्रायव्हर ठरला. काकूंनी खिडकीजवळची जागा काकांना दिली आणि आपण शेजारी बसल्या. काका बिचारे बसले, पण उजवा पाय काही ऐकेना. वळण आलं की ब्रेक दाबायला पाय पुढे. भाचरं हसायला लागली. काकूही हसल्या, आणि त्यांनी काकांच्या पायावर आपली पिशवीच ठेवून दिली. दादा अर्थातच पुढे ड्रायव्हरशेजारी बसून त्याला रस्ता सांगत होता, जो ड्रायव्हरला चांगला ठाऊक होता.

धबधब्याच्या अलीकडे गाड्या लावायची जागा होती. गाडी थांबल्याबरोबर काका झटकन उतरले. कोपऱ्यातला नळ त्यांना माहीत, कुठल्या झाडाखाली सावली टिकते ते माहीत, चहाच्या टपरीवाल्यानं तर ओळखून हात केला. काकूंची छाती फुगली. म्हणजे बघा, इथला माणूस न् माणूस ओळखतो यांना.

मग दादा आला. त्याच्या दोन्ही हातांत पिशव्या, मागून आणखी कुणाच्या छत्र्या, कुणाचे डबे. ते सगळं त्यानं झाडाच्या पारावर काकांच्या शेजारी मांडलं आणि म्हणाला, "भाऊजी, तुम्ही तर शंभरदा पाहिलाय. जरा सामानाकडे लक्ष ठेवा, आम्ही जाऊन येतो."

काका मान हलवून बसले की हो पारावर! एक पिशवी कलंडत होती, ती सरळसुद्धा केली. भांडून मिळवलेली गाडीतली जागा या माणसानं चुटकीसरशी घालवली. शंभरदा पाहिलाय म्हणे. मी एकदाही पाहिलेला नाही ना! मला कोण दाखवणार? त्यांनी काकांना दंडाला धरून उठवलं आणि म्हणाल्या, चला, मला तुम्हीच दाखवायचा, ते तीन टप्पे, तो डोह, सगळं. सांगा, कुठून जायचं?

समोर दोन वाटा होत्या. एक पायऱ्यांची, एक उताराची. काका एकीकडे बघत राहिले, मग दुसरीकडे. मग पाटी वाचायला पुढे झाले, आणि खिशात चष्मा शोधायला लागले.

काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं. माप घेताना खिडकी वाकडी असली की त्यांना लगेच कळायचं, तसंच हेही कळलं. त्यांनी अगदी हळू विचारलं, तुम्हाला वाट माहीत नाही? काका म्हणाले, नाही. मी इथपर्यंतच यायचो.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. लोक बघून यायचे, गाडीत चढता चढता बोलायचे, काका आरशातून त्यांची तोंडं बघत ऐकायचे. कुणी टप्प्यांचं बोलायचं, कुणी डोहाचं. इंद्रधनुष्य एका शाळेच्या सहलीतल्या मुलीनं पाहिलं होतं. त्यातलं चांगलं चांगलं निवडून काका घरी आणायचे. तू मशीन थांबवून ऐकायचीस, म्हणाले. किल्ला, तळं, समुद्र, सगळं तसंच.

काकूंना आधी काकांचाच राग आला. डॉक्टरीणबाईंपुढे मी काय काय बोलले! लोकांनी पाहिलेलं ऐकून तुम्ही मला सांगितलंत आणि मी ते छातीठोकपणे गावभर वाटलं? पण हा राग काही धड पेटेना. पेटायला लागला की मध्येच तो पार दिसायचा आणि त्यावर बसलेला हा माणूस दिसायचा.

"तीस वर्षांत एकानंही तुम्हाला काही म्हटलं नाही?" त्यांनी विचारलं.

"म्हणायचे ना," काका म्हणाले. "गाडीकडे लक्ष ठेवा म्हणायचे."

तोवर टपरीवर सगळ्यांना चहा पाजून दादा परत आला होता. हे दोघं वाटेच्या तोंडाशी आणि सामान पारावर बेवारस, हे त्याला लांबूनच दिसलं असणार. काकूंनी सांगितलं की हेही येताहेत, सामान गाडीत टाक. दादा हसला. शंभरदा पाहिलेल्या धबधब्यात परत काय बघायचं, म्हणाला. मागे वहिनी, भाचरं, सगळे येऊन उभे होते. काकूंच्या तोंडाशी सगळं आलं होतं. पण बोलावं तर काकांचं खोटं चारचौघांत उघडं पडणार, आणि न बोलावं तर हा माणूस पुन्हा पिशव्यांशेजारी जाऊन बसणार. जन्मात पहिल्यांदा काकू मूग गिळून उभ्या राहिल्या.

काकाच बोलले. "मी नाही पाहिलेला. एकदाही नाही."

दादाला काही कळेना. "असं कसं? दोनदा तर आम्हीच आलो होतो तुमच्या गाडीतून. तुम्हीच आणलं होतं आम्हाला."

"हो," काका म्हणाले. "आणलं होतं मी."

आवाज चढवला नाही की काही नाही. पण दादाचं हसू जागच्या जागी विरलं. तो काहीतरी पुटपुटला, आम्हाला वाटलं तुम्ही पाहिला असेल. हेच तर! सगळ्यांना हेच वाटतं. वाढणारा जेवला असेल असं वाटतं, आणणाऱ्यानं पाहिलं असेल असं वाटतं, आणि वाटून घेतलं की विचारायचे कष्ट वाचतात. काकूंनी हे दादाला तिथंच ऐकवलं, भाचरांदेखत ऐकवलं, आणि पारावरच्या पिशव्या उचलून एकेक करून त्याच्या हातात दिल्या. मोठ्या पदावरचा माणूस मुकाट्यानं त्या घेऊन गाडीकडे गेला.

वाट पायऱ्यांचीच निघाली. फार लांबही नव्हती, आणि त्याचाच काकूंना जास्त संताप आला. पायऱ्या उतरता उतरता त्यांनी विचारलं, गाडीला कुलूप लागतं ना? लागतं, काका म्हणाले. मग आपले आपण का नाही आलात? काका आणखी दोन पायऱ्या उतरले आणि म्हणाले, आधी वाटायचं, कुणीतरी चला म्हणेल. मग वाटेनासं झालं.

काकूंनी त्यांचा हात धरला तो सोडलाच नाही. कठड्याशी गर्दी होती, तीत त्या कोपर मारत घुसल्या आणि काकांना पुढे उभं केलं. पाणी तीन टप्प्यांत पडत नव्हतं, एकाच दमात खाली येत होतं. डोह गढूळ होता. इंद्रधनुष्याचा पत्ता नव्हता. काका मान वर करून बघत होते. चष्मा भिजला होता, तो पुसायचंही त्यांना सुचत नव्हतं.

शेजारी एक तरुण जोडपं उभं होतं. मुलानं काकांना पाहिलं आणि फोन पुढे केला. काका, जरा आमचा फोटो काढता का, म्हणाला. काकांनी पाण्यावरची नजर काढली आणि सवयीनं हात पुढे केला.

काकूंनी तो हात मधल्यामध्ये धरला. "दुसरं कोणी बघा," त्या मुलाला म्हणाल्या. "ते आत्ता धबधबा बघतायत."